नाशिकच्या कॉलेज रोडवरचा लिनक्स-कुबरनेटिस कोर्स आणि त्याची क्लाऊड लॅब: मशीन तगडी, पण पोचायचं कसं ते आधी विचारा

क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. जे काही बरंवाईट लिहिणार आहे ते लॅबचं (म्हणजे सरावाला मिळणाऱ्या, इंटरनेटवरून जोडायच्या दूरच्या मशीनचं) आहे आणि लॅब क्लासची स्वतःची नाहीच, बाहेरच्या कंपनीकडून घेतलेली आहे, आणि हेच पोर्टल वरचा लोगो बदलून कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात अजून काही जण विकतात. त्यामुळे तुम्ही कुठेही अ‍ॅडमिशन घेणार असाल तरी उपयोग होईल.

मी अंबडला एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे. म्हणजे प्रिंटर, पासवर्ड, आउटलुक उघडत नाही, हेच सगळं. क्लाऊडमध्ये जायचं म्हणून हा कोर्स घेतला, लिनक्स अ‍ॅडमिन, मग क्लाऊड, मग डॉकर-कुबरनेटिस (सॉफ्टवेअर डब्यांत बांधून बऱ्याच मशीनवर एकत्र चालवायची साधनं), संध्याकाळची बॅच. ऑफलाइन बॅच असली तरी प्रॅक्टिस घरून करायची, कारण सिटी सेंटर मॉलच्या सिग्नलवरून रोज संध्याकाळी कॉलेज रोडला जायचं म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. फी तीस हजारांच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी, तो काउंटरवर आधी बोलत नाहीत, पावती बनवताना सांगतात.

आता लॅब कशाला लागते, लॅपटॉपवर व्हर्चुअलबॉक्स (एकाच लॅपटॉपच्या आत वेगळी मशीन उभी करायचं सॉफ्टवेअर) टाकून होत नाही का, असं मला ऑफिसातल्या एका दादाने विचारलं. लिनक्सपुरतं होतं. पण कुबरनेटिसचा क्लस्टर (एकत्र चालणाऱ्या मशीनचा गट) क्युबअ‍ॅडमिनने नीट उभा करायचा तर प्रत्येक मशीनला कमीत कमी २ जीबी रॅम, कंट्रोल प्लेनला (बाकीच्यांना सांभाळणाऱ्या मुख्य मशीनला) २ सीपीयू, आणि निदान तीन मशीन तरी पाहिजेत. माझा लॅपटॉप ८ जीबीचा, त्यातली अर्धी विंडोज आणि क्रोमच खाऊन बसतात. तिथे तीन मशीन चालू केल्या तर माऊससुद्धा हलत नाही. लॅबमध्ये मात्र स्टार्ट दाबलं की दोन-तीन मिनिटात तिन्ही मशीन हजर, पॅकेज डाउनलोड तर डोळ्याचं पातं लवायच्या आत, कारण तो डाउनलोड तुमच्या घरच्या नेटवरून होतच नाही, डेटा सेंटरच्या लाइनवरून होतो. या बाबतीत पूर्ण मार्क.

अडचण आहे ती इथून तिथे जाण्यात.

सुरुवातीला टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) काहीही टाइप केलं की अक्षर उमटायला वेळ लागायचा. मी लिहायचे सिस्टिमसीटीएल स्टेटस आणि स्क्रीनवर अजून सिस्ट एवढंच आलेलं, मग चुकलं म्हणून बॅकस्पेस दाबायचं, तो पण उशिरा, आणि मग जास्तीचं खोडलं जायचं. स्पीड टेस्ट केली तर १०० एमबीपीएस व्यवस्थित. सपोर्टच्या चॅटवर विचारलं तर ठरलेलं उत्तर, "मॅम, एक बार कैशे क्लियर करके देखिए." केला. परत केला. त्याने काय होणार, कप्पाळ?

मग रात्री बसून मशीनचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) तपासला तर मशीन निघालं अमेरिकेत, पूर्व किनाऱ्यावर! इथे एमबीपीएसचा काही संबंधच नाही हे लक्षात घ्या, टर्मिनलला किंवा रिमोट डेस्कटॉपला असा काय मोठा डेटा लागतो, पण तुम्ही दाबलेलं प्रत्येक अक्षर तिथे जाऊन परत आल्याशिवाय स्क्रीनवर उमटत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, तर अमेरिकेला जाऊन येण्यात सव्वाशे मिलिसेकंद नुसत्या अंतरातच जातात, वर केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा दोनशेच्या पुढे दिसतो. यूट्यूबला हे कळत नाही कारण ते पुढचं आधीच भरून ठेवतं. टाइपिंग आधीच भरून ठेवता येत नाही.

आणि गंमत म्हणजे मोठ्या तिघांचीही डेटा सेंटर आपल्या शेजारीच आहेत, अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन (त्या भागातल्या डेटा सेंटरचा गट) २०१६ पासून, गूगलचं मुंबईत २०१७ पासून, मायक्रोसॉफ्टचं एक पुण्यात. नाशिकहून मुंबई किती लांब आहे? तरी आमची मशीन अटलांटिकच्या काठी, का तर पोर्टलमध्ये डिफॉल्ट तेच ठेवलेलं आणि कुणी बदललं नाही. मी क्लासच्या सरांना आकड्यांचे स्क्रीनशॉट दाखवले, सर म्हणाले, "अगं, मला वाटायचं तुमच्या घरचं वायफायच स्लो आहे." त्यांनी लॅबवाल्यांना मेल टाकला, बरीच टोलवाटोलवी झाली, शेवटी आमच्या बॅचच्या मशीन मुंबईला आणल्या. त्यानंतर टाइपिंगचा त्रास एकदम गेला, आता आकडा १५-२० च्या आत असतो. त्यामुळे पैसे भरायच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारा, लॅब कुठल्या रीजनला आहे. काउंटरवर कुणाला उत्तर आलं नाही तर डेमो मागा आणि टर्मिनलमध्ये एखादी लांबलचक ओळ टाइप करून बघा, बोटाला लगेच कळतं.

दुसरी गोष्ट जोडायचे रस्ते. या लॅबला दोन आहेत. एक ब्राउझरमधून, म्हणजे टॅबमध्येच मशीनचा स्क्रीन उघडतो, ते ४४३ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे जोडणीचं नंबर दिलेलं दार) चालतं, जे बँकेच्या साइटला वापरतात तेच, म्हणून ऑफिस, कॉलेज, कुठूनही चालतं. दुसरा थेट एसएसएच (दूरच्या मशीनचं टर्मिनल उघडायचा सुरक्षित मार्ग), पोर्ट २२, आणि विंडोजच्या मशीनला आरडीपी म्हणजे रिमोट डेस्कटॉप, पोर्ट ३३८९. आमच्या कंपनीत बाहेर जायला हे दोन्ही बंद आहेत (आणि ते बरोबरच आहे, मी स्वतः आयटीत आहे), त्यामुळे लंच ब्रेकमध्ये प्रॅक्टिस करायची तर ब्राउझरच. घरून मात्र एसएसएच वापरा, फार बरं पडतं.

बॅचमधली अर्धी मुलं इथेच अडकली आणि सपोर्टला तासन्तास चॅट करत बसली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एरर नीट वाचा, ती काय ते सांगत असते. टाइम्ड आउट आलं तर तुमची हाक तिथपर्यंत पोचलीच नाही किंवा पलीकडून कुणी ओ दिली नाही, म्हणजे मशीन बंद आहे, आयपी जुना आहे किंवा मध्ये फायरवॉल आहे, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून एकदा बघा, तिथून लागलं तर दोष तुमच्या नेटवर्कमध्ये. रिफ्यूज्ड आलं तर बहुतेक वेळा मशीन जिवंत आहे, फक्त एसएसएचची सर्व्हिस चालू नाही, नुकतंच बूट होत असेल तर मिनिटभर थांबा. आणि परमिशन डिनाइड आलं तर नेटवर्कला शिव्या देऊ नका, नेटवर्क बरोबर आहे, तुमची की (पासवर्डऐवजी वापरायची फाइल) चुकीची आहे किंवा युजरनेम. अ‍ॅमेझॉन लिनक्सला ईसीटू-युजर, उबंटूला उबंटू, हे उलटसुलट झालं की दार उघडत नाही. की फाइलची परमिशन सगळ्यांना मोकळी ठेवली तर एसएसएच ती वापरतच नाही, सीएचमॉड ४०० करा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता येईल. पुटी (विंडोजवरचं एसएसएचचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी पुटीजेनमधून त्या कीची पीपीके फाइल करून घ्या.

आयपीचं अजून एक. मशीन स्टॉप करून स्टार्ट केलं की पब्लिक आयपी बदलतो, क्लाऊडचा नेहमीचा प्रकार आहे, फिक्स आयपी वेगळा घ्यावा लागतो आणि तो या पॅकेजमध्ये नाही. त्यामुळे कालची सेव्ह केलेली सेशन आज चालत नाही. रोज पोर्टलवर जाऊन नवा आयपी बघायचा. सवय होते, पण पहिल्या क्लासलाच सांगायला काय जात होतं?

ब्राउझरवाल्या स्क्रीनचे वेगळे नखरे. लिनक्समध्ये कंट्रोल डब्ल्यू दाबलं की मागचा शब्द खोडला जातो, ब्राउझरमध्ये तेच दाबलं की अख्खा टॅब बंद. बोटांना सवय लागलेली असते, दिवसातून एकदा तरी कुणाचं तरी लॅब गायब व्हायचं आणि क्लासमध्ये हशा पिकायचा. ऑल्ट बॅकस्पेसनेही शब्द खोडता येतो, त्याची सवय लावा. कॉपी-पेस्ट सरळ होत नाही, आमच्या पोर्टलमध्ये कंट्रोल ऑल्ट शिफ्ट एकत्र दाबल्यावर बाजूने एक पट्टी उघडते, त्यातल्या चौकटीत आधी पेस्ट करायचं मग आत न्यायचं. हे अपाचे ग्वाकामोलीचं (ब्राउझरमध्ये दूरच्या मशीनचा स्क्रीन दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) फीचर आहे, ज्या लॅब त्याच्यावर बनवल्यात तिथे असंच असतं. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा वर्डमध्ये आलेल्या नोट्समधून कमांड उचलू नका. तिथली अवतरणचिन्हं वाकडी होऊन येतात, दोन डॅशचा एक लांब डॅश होतो, आणि दिसायला सगळं बरोबर असूनही कमांड चालत नाही. विंडोजच्या मशीनला लॉगिन करताना कंट्रोल ऑल्ट डिलीट दाबलं तर ते आपल्याच लॅपटॉपला लागतं, आरडीपीमध्ये त्याच्याऐवजी कंट्रोल ऑल्ट एंड.

तरी पण ब्राउझरच्या लॅबला नुसती नावं ठेवू नका. सीकेए (कुबरनेटिस अ‍ॅडमिनचं सर्टिफिकेट) द्यायची असेल तर ती परीक्षा दोन तासांची, सगळी प्रॅक्टिकल, पासिंग ६६ टक्के, आणि २०२२ पासून ती ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या रिमोट डेस्कटॉपवरच होते. तिथे पण स्क्रीन लहान वाटतो, तिथे पण टर्मिनलमध्ये पेस्ट करायला कंट्रोल शिफ्ट व्ही. घरच्या मोठ्या मॉनिटरवर एसएसएचने सराव करून गेलेला माणूस तिथे पहिली दहा मिनिटं चाचपडत बसतो. म्हणून मी शेवटी शेवटी मुद्दाम ब्राउझरमधूनच करते.

आता खरी तक्रार, टायमर. एक सेशन चार तासांचं, ते ठीक आहे, पण अर्धा तास कीबोर्ड-माऊस हलला नाही की मशीन बंद. आत काम चालू आहे की नाही हे बघत नाहीत, तुम्ही हात लावला की नाही एवढंच बघतात. एखादं मोठं इन्स्टॉलेशन लावून जेवायला उठलात तर परत आल्यावर सगळं बंद. सांगितलं तर म्हणे पॉलिसी आहे. डिस्क तशीच राहते, केलेलं काम जात नाही, पण अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन निस्तरत बसावं लागतं. आणि स्टॉपच्या शेजारीच रीसेटचं बटण आहे, तसंच, त्याच रंगाचं, त्याने मात्र सगळं पुसलं जातं. ज्याने कुणी ते डिझाइन केलंय त्याला साष्टांग नमस्कार.

लाइटचं आणि नेटचं लॅबवाल्यांच्या हातात नाही, तो भाग वेगळा. पावसाळ्यात इंदिरानगरला लाइट जाते, २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, कुठे खोदताना फायबर तुटेल सांगता येत नाही. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात, तो घ्याच. शक्य असेल तर लॅपटॉपला लॅनची वायर लावा, आमच्या बिल्डिंगमध्ये इतके वायफाय आहेत की रात्री नऊनंतर टाइपिंग अडखळायला लागतं आणि वायर लावली की थांबतं. आणि लॅबमध्ये शिरल्या शिरल्या टीमक्स चालू करायची सवय लावा. साध्या एसएसएचमध्ये कनेक्शन तुटलं की चालू असलेली कमांडही बहुतेक वेळा मरते, टीमक्समध्ये ती तशीच चालू राहते, परत जोडून अटॅच केलं की जिथे होतं तिथे. हे आम्हाला कोर्स अर्धा झाल्यावर शिकवलं, पहिल्या दिवशी शिकवायला पाहिजे होतं. बाकी सरांचं शिकवणं चांगलं आहे, शंका विचारल्या तर चिडत नाहीत.

फुकटात होत नाही का? थोडंफार होतं. गूगलचं क्लाऊड शेल आहे, ब्राउझरमध्ये लिनक्स, घरचं फोल्डर ५ जीबी टिकून राहतं, आठवड्याला ५० तास, लिनक्सच्या सुरुवातीच्या कमांडसाठी मस्त. किलरकोडा नावाच्या साइटवर कुबरनेटिस पण करता येतं पण फुकटातलं सेशन तासाभराचं. स्वतःचं अ‍ॅमेझॉन अकाउंट उघडलं तर सगळं मोकळं, पण कार्ड द्यावं लागतं आणि मशीन बंद केलं तरी डिस्कचे पैसे चालू असतात, फ्रीची मर्यादा संपली की चालू मशीनच्या पब्लिक आयपीचे पण, फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट. विसरलात तर महिनाअखेर बिल. या लॅबमध्ये ती धाकधूक नाही, काहीही तोडा-मोडा, बिल येत नाही. नवीन माणसाला हे फार मोलाचं आहे, भीती नसली की हात मोकळा चालतो. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, मुंबईत आणल्याबद्दल अर्धा त्यातलाच धरा.

एक राहिलं. लॅबची मुदत ९० दिवस, पण ती पहिल्या लॉगिनपासून मोजतात, कोर्सच्या तारखेपासून नाही. काउंटरवरच्या मॅडम अ‍ॅडमिशनच्या दिवशीच हौसेने लॉगिन करून दाखवतात आणि कुबरनेटिस तर शेवटी येतं, तोवर अर्धी मुदत संपलेली. त्यांना आधीच सांगा की माझं लॉगिन लिनक्सची थिअरी संपल्यावर चालू करा, आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी तसं सांगितलं होतं आणि त्यांना करून दिलं.