शंभर टक्के झाडपाला म्हणून डोक्याला लावलं, सकाळी डोळे उघडेनात

आधीच सांगतो, मी बाई आहे. कोल्हापूरच्या बायका आलो-गेलोच म्हणतात, पुण्याची नणंद दरवेळी हसते, तर वाचताना गोंधळू नका. मंगळवार पेठेत घरातच माझं ब्लाऊज शिवायचं काम आहे, वीसेक वर्षं झाली. वय ४८. केस चाळिशीच्या आधीच पिकायला लागले, माहेरचा वारसा तो, आणि इतकी वर्षं मी आई लावायची तशीच मेंदी लावायचो, लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवून, जरा आवळा पावडर, जरा काथ. पांढरे केस तांबडे व्हायचे. उन्हात गेलं की डोक्यावर गाजर किसून टाकल्यासारखं दिसायचं, पण कधी खाज नाही की काही नाही. तेवढ्यात पुतण्याचं लग्न ठरलं. फोटोत सगळ्या जावा काळ्याभोर आणि मी एकटी तांबडी, हे डोक्यात बसलं. डाय लावायची भीती वाटायची, म्हणून म्हटलं झाडपाल्यातलंच काळं काही मिळतंय का बघू.

शुक्रवारी अंबाबाईला जाऊन महाद्वार रोडनं येताना एका हॉलमध्ये कपड्यांचं आणि वनौषधींचं प्रदर्शन लागलेलं, खरं तर मी अस्तराचं कापड स्वस्तात मिळतंय का बघायला आत शिरलो. कोपऱ्यात केसांचा स्टॉल. तिशीतला पोरगा, कपाळाला गंध, बोलायला इतका गोड की साखर कारखान्यात शोभला असता. म्हणाला, ताई डाय लावू नका, विष आहे ते, आमच्यात नुसता पाला, माका ब्राह्मी जास्वंद आवळा मेंदी नीळ, बस्स. समोर दोरीला पांढऱ्या केसांच्या बटा टांगलेल्या, त्यातली एक घेतली, वाटीत पावडर साध्या पाण्यात कालवून लावली, मोबाईलवर वीस मिनिटांचा टायमर लावला, आणि तोपर्यंत मला बसायला स्टूल दिलं. वीस मिनिटांनी धुतली तर बट काळीकुळकुळीत. ओढून बघा म्हणाला, ओढून बघितलं, पांढऱ्या रुमालाला घासून बघितलं, रंग जात नव्हता. यात हातचलाखी काही नव्हती बरं का, बट खरंच काळी झाली, माझ्या डोळ्यासमोर.

मी विचारलं, खाज वगैरे? तर त्याच्याकडं उत्तर तयारच. पहिल्या दोन-तीन वेळा सुटेल थोडी, आधी लावलेल्या डायचं विष बाहेर पडतं, खाज सुटली म्हणजे समजायचं औषध लागू पडलं. मी म्हटलं मी जन्मात डाय लावला नाही. क्षणभर थांबला आणि म्हणाला, मग शाम्पूचं असेल. आणि मी हसलो! तिथंच उठून यायला पाहिजे होतं, पण हसून बसलो.

एक पुडा ४५०, तीन घेतले तर १२००. तीन घेतले. स्कॅनर आज चालत नाही म्हणाला, रोख दिले. बिल मागितलं तर बिलबुक छापायला दिलंय ताई, उद्या या, आणि एका चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला. पुड्यावर हिरवी पानं, एक दाढीवाला ऋषी आणि १००% हर्बल. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, लायसन नंबर नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. हे मी आत्ता सांगायलोय, तेव्हा मी ऋषीच बघत बसलो होतो.

पहिल्यांदा लावलं, काही झालं नाही. केस झकास काळे. गिऱ्हाईक विचारायला लागलं, दोघींना तर मीच त्या स्टॉलचा पत्ता दिला, त्याची लाज अजून वाटते. तीन आठवड्यांनी दुसऱ्यांदा लावलं तेव्हा कानामागं आणि मानेवर खाज, बारीक पुरळ, थोडं पाणी सुटलेलं. मी काय केलं असेल? खूश झालो. म्हटलं विष निघालं. खोबरेल लावून गप बसलो.

तिसऱ्यांदा लावलं लग्नाला आठ दिवस राहिले असताना, शनिवारी रात्री. रविवारी डोकं जळायलंय, कपाळ जड, जेवण जाईना. सोमवारी पहाटे उठलो तर डोळे उघडेनात. हातानं पापण्या वर करून आरशात बघितलं, तर ती बाई मी नव्हतोच, कपाळ पुढं आलेलं, डोळ्यांच्या नुसत्या चिरा, कान भजीसारखे. मालक आधी हसले आणि मग घाबरले. रिक्षानं राजारामपुरीत स्किनच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, श्वास घ्यायला त्रास होतोय का, ओठ-घसा सुजलाय का? तसं असतं तर इथं न येता सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं असतं म्हणाले. दुसरा प्रश्न, मावशी, काळी मेंदी लावली?

मी म्हटलं मेंदी नव्हे डॉक्टर, झाडपाला. त्यांनी समजावून सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो, कारण हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर माझे बाराशे आणि औषधाचे वेगळे, सगळेच वाचले असते.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंग असतो, तो केसाला धरून बसतो आणि त्याचा रंग नारिंगी-तांबडा, काळा कधीच नाही. झाडपाल्यात काळा आणायचा तर नीळ, म्हणजे इंडिगोची पानं, पण तिचा रंग निळा, आणि मेंदीवर चढवली तर दोन्ही मिळून काळपट दिसतं. त्याला तास लागतात आणि पुढचे एक-दोन दिवस रंग हवेनं गडद होत जातो. साध्या पाण्यात कालवून वीस मिनिटांत काळाभोर हे पाल्याचं कामच नाही, तिथं पीपीडी नावाचं रसायन असतं, हेअर डायमध्ये असतं तेच. युरोपात डोक्याला लावायच्या रंगात ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही. आपल्याकडंही असलं काही घातलं तर पुड्यावर इशारा छापावा लागतो, की आधी टेस्ट करून बघा आणि भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. माझ्या पुड्यावर त्या जागी ऋषी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही ॲलर्जी बहुतेक वेळा पहिल्या खेपेला दिसत नाही. पहिल्यांदा शरीर नुसतं ओळख करून घेतं, पुढच्या खेपांना चवताळतं. म्हणजे ती खाज हा शरीराचा इशारा होता आणि त्या पोरानं मला आधीच शिकवून ठेवलं होतं की इशारा आला की आनंद मानायचा. मला पैशाचं तेवढं नाही वाटत, याचं वाटतं.

लग्नात काळा गॉगल लावून बसलो. जाऊबाई म्हणाल्या, हिरॉईन दिसताय.

बरं वाटल्यावर दीड-दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून टेस्ट केली, दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, चौथ्या दिवशी परत बघितलं, पीपीडीच्या जागी लालभडक चकंदळ. ही ॲलर्जी आता बहुतेक जन्माची. जत्रेत हातावर काळे टॅटू काढतात ते नको, कुठलाही काळा डाय नको, दात काढायला वगैरे गेलं तर बधिर करायच्या औषधाआधी सांगायचं. वर त्यांनी विचारलं की गडद रंगाची कापडं हाताळून खाज येते का, कारण काही जणांना कापडाच्या रंगाचंही सोसत नाही. माझ्या पोटावरच आलं की हे! अजून तरी येत नाही, पण काळा ब्लाऊजपीस कापायला घेतला की हात बघत बसतो.

उरलेल्या पुड्याचं मी घरीच करून बघितलं. मांजरपाटाचे दोन तुकडे घेतले, एकावर किराणा दुकानातली साधी मेंदी कालवून ठेवली, दुसऱ्यावर हा झाडपाला. मेंदीचा डाग नारिंगी-तपकिरी, तोही दोन-तीन तासांनी. झाडपाल्याचा तुकडा अर्ध्या तासात जांभळट काळा. आणि कोरडी पावडर उजेडात नीट बघितली तर हिरवी नव्हतीच, राखेसारखी. वीस वर्षं मी अस्तराचा रंग ब्लाऊजला मॅच करतो, अर्धी छटा चुकली तर गिऱ्हाईकाला परत पाठवतो, आणि मला हिरव्या पाल्याची पावडर करडी कशी हे दिसलं नाही.

तक्रार करायला गेलो तर हातात काय, चिठ्ठीवरचा आकडा. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन लावला, बाई नीट बोलल्या, दुकानाचं नाव, पत्ता, बिल, पुड्याचा फोटो विचारला. पुड्याचा बाहेरचा खोका मी पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकलेला. पोराचा नंबर बंद. हॉलमध्ये जाऊन आलो तर तिथं चादरींचा सेल. म्हणून सांगतो, असलं काही घेतलंच तर खोका ठेवा, दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा आणि नावाचं बिल नसेल तर घेऊच नका. बिल असलं की ग्राहक आयोग आहे, अन्न व औषध प्रशासन आहे, कुणाकडं तरी दाद मागता येते.

आता काय लावता असं सगळ्या विचारतात. मेंदी आणि नीळ, वेगवेगळी, सुटी. (नीळ म्हणजे पांढऱ्या कपड्याला टाकतात ती नव्हे हां, ती वेगळी वस्तू, आमच्या समोरच्या काकू तीच घेऊन निघालेल्या!) मेंदी नेहमीसारखी भिजवून दोन-तीन तास ठेवायची, नुसत्या पाण्यानं धुवायची. मग इंडिगो कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवायचा, त्यात लिंबू, दही काही नाही, आणि पंधरा मिनिटांत लावायला घ्यायचा, मेंदीसारखा रात्रभर ठेवला तर मेला. दीड-दोन तास. धुतल्यावर केस हिरवट दिसतात, घाबरायचं नाही, दोन दिवस शाम्पू नको, तोवर काळपट तपकिरी होतात. कपाळाजवळचे हट्टी केस पहिल्यांदा धरत नाहीत, परत लावायला लागतं. रविवार सगळा जातो. आणि पाला असला तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघायचं, मी आता सगळ्यालाच बघतो. बटेसारखा कुळकुळीत काळा रंग येत नाही, तो यायचाही नाही.

परवा भाचीचा गडहिंग्लजवरून फोन, मावशी इथं केसांचा स्टॉल लागलाय, पांढऱ्या बटा टांगल्यात बघ. नाव विचारलं तर वेगळंच. म्हटलं बिल माग आधी. फोन चालूच होता, तिनं मागितलं, आणि मला इकडं स्वच्छ ऐकू आलं, "बिलबुक छापायला दिलंय ताई."