कलम ३२ की २२६: दाद कुठे मागायची?

जिल्हा परिषदेच्या भरतीत डावललं गेल्याची तक्रार असलेल्या भाचीने परवा विचारलं, "मामा, थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात जाऊ का?" समानतेचा हक्क, म्हणजे संविधानाचं कलम १४ आणि १६, सर्वोच्च आणि उच्च अशा दोन्ही न्यायालयांत तोच. दरवाजे मात्र वेगळे.

कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात जाणं हाच मुळी मूलभूत हक्क आहे. डॉ. आंबेडकरांनी याला संविधानाचा आत्मा म्हटलं होतं. पण तिथे मूलभूत हक्काचाच भंग दाखवावा लागतो, आणि "आधी उच्च न्यायालयात जा" हे उत्तर आता सर्रास मिळतं.

उच्च न्यायालयाचा दरवाजा म्हणजे कलम २२६. त्याचा आवाका मोठा. मूलभूत हक्क तर आहेतच, शिवाय साध्या कायद्याने दिलेल्या हक्कासाठीही उच्च न्यायालय आदेश देऊ शकतं. फक्त ते न्यायालयाच्या मर्जीवर असतं. दुसरा पुरेसा उपाय असेल तर तिकडे पाठवतात.

खर्चाचं काय सांगू? दिल्लीचा वकील, प्रवास, मुक्काम! मुंबई उच्च न्यायालय नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि २०२५ पासून कोल्हापुरातही बसतं.

खरी मेख पुढे आहे. उच्च न्यायालयात हरलात तरी वर जाता येतं. ३२ खाली हरलात तर पुनर्विचार याचिकेपलीकडे फारसं उरत नाही. उलट, उच्च न्यायालयाने गुणवत्तेवर, म्हणजे मुद्दे तपासून, फेटाळलेलं प्रकरण ३२ खाली नव्याने मांडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयातल्या १९६१ च्या दर्याव खटल्यापासून ठरलेलं आहे.

देशभर लागू होणाऱ्या केंद्रीय कायद्यालाच आव्हान द्यायचं असेल तर ३२ चा विचार करावा. एका जिल्ह्यातली भरती, बदली, परवाना यांसाठी २२६; मात्र राज्य किंवा केंद्र सरकारच्या नोकरीचा वाद असेल तर आधी प्रशासकीय न्यायाधिकरणात जावं लागतं. भाचीला मी कोल्हापूरची गाडी धरायला सांगितलं.