ऑटोकॅडचं प्रोफाइल: एक मशीन, दोघांचा पडदा

अंबडच्या आमच्या फॅब्रिकेशन ऑफिसात ड्रॉइंगचा कॉम्प्युटर एकच. सकाळी मी बसते, दुपारनंतर दादा. त्यांना काळा बॅकग्राउंड आणि स्क्रीनभर क्रॉसहेअर (कर्सरच्या आडव्या-उभ्या रेषा) लागतो, मला राखाडी आणि छोटा. रोज पहिली दहा मिनिटं यातच जायची.

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रोफाइलने, म्हणजे ज्याच्या-त्याच्या सेटिंग्जच्या संचाने, ही कटकट मिटवली. ओपी टाइप करून ऑप्शन्स उघडलं, प्रोफाइल्स टॅबमध्ये दोघांची नावं टाकली. डेस्कटॉपवर दोन शॉर्टकट, प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या शेवटी स्लॅश पी (/p) आणि प्रोफाइलचं नाव. ज्याचा आयकॉन त्याचा पडदा! प्रोफाइल एक्स्पोर्ट करून मिळालेली एआरजी फाइल मी पेनड्राइव्हवर ठेवलीय. विंडोज नव्याने टाकलं तेव्हा तीच कामी आली.

टूलबार आणि रिबनची (वरच्या बटणांच्या पट्टीची) मांडणी मात्र वर्कस्पेसमध्ये राहते, आणि वर्कस्पेस सीयूआयएक्स फाइलमध्ये. तीही कॉपी कराच, नुसत्या एआरजीने भागत नाही. 2015 च्या आवृत्तीपासून क्लासिक वर्कस्पेस, म्हणजे जुनी टूलबारवाली मांडणी, तयार मिळत नाही, म्हणून दादांसाठी मी तो हाताने उभा केला: मेनूबार चालू, रिबन बंद, डावीकडे ड्रॉ, उजवीकडे मॉडिफाय. मग 'सेव्ह करंट ॲज'. दादांनी आयकॉन दाबला, पडदा पाहिला आणि म्हणाले, "हां, हे आपलं."