सामान ट्रकमध्ये चढलं आणि भाव बदलला

घर बदलून चार महिने झाले, पण आईच्या शिलाई मशीनकडे नजर गेली की अजून पोटात तुटतं. वाटेत तिचं चाक मोडलं आणि भरपाई म्हणून दमडीही मिळाली नाही. ती का मिळाली नाही हे इतरांना कळावं, म्हणून लिहिते आहे.

सामान हलवून देणाऱ्या 4 कंपन्यांना (पॅकर्स-मूव्हर्स) आम्ही फोन केले होते. तिघं म्हणाले, आधी माणूस येऊन सामान बघेल, मग आकडा सांगू. चौथ्याने "किती खोल्या?" एवढंच विचारलं आणि दोन मिनिटांत भाव सांगितला, बाकीच्यांच्या जवळजवळ निम्मा. मी हुरळून गेले, अॅडव्हान्सही त्याच दिवशी पाठवला. कपाटं, पुस्तकं, माळ्यावरचं सामान काहीही न बघता सांगितलेला आकडा पाळायचा त्याचा विचारच नव्हता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ट्रक 3 तास उशिरा आला. त्यावर कंपनीचं नाव नव्हतं आणि आलेल्या माणसांनाही ते धड सांगता येईना. फोनवर बोलणारा नुसता दलाल होता, आमचं काम त्याने भलत्यालाच देऊन टाकलं होतं, हे नंतर समजलं.

नव्या घरापाशी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, सामान जास्त निघालं. पॅकिंगचे वेगळे, जिन्याचे वेगळे." ठरलेल्या रकमेच्या दुप्पट! "पैसे आल्याशिवाय ट्रक उघडणार नाही." बाबांची रात्रीची औषधं त्यातल्याच एका खोक्यात होती. आम्ही रोख दिले. पावती मागितली तर "ऑफिसातून येईल" म्हणाला. ती अजून यायची आहे. (औषधं, कागदपत्रं, दागिने, चार्जर यांची पिशवी स्वतःजवळच ठेवा, कंपनी कितीही चांगली असली तरी.)

आता मशीनचं. सामान चढवताना त्यांनी वस्तूंची यादी केली होती आणि मी दमून, न वाचता सही केली. तक्रार केल्यावर तीच यादी माझ्यासमोर आली. प्रत्येक वस्तूपुढे आधीच लिहिलेलं होतं: 'जुनं, चरे, मोडकं.' आठवड्यापूर्वी ज्या मशीनवर आईने पडदे शिवले तिच्यापुढेही 'मोडकं', आणि खाली माझी सही. विम्याचे म्हणून घेतलेल्या पैशांची पॉलिसी तर कुठे नव्हतीच. विमा कंपनीची, आपल्या नावाची पॉलिसी हातात येईपर्यंत विमा आहे असं धरू नका. यादी एकेक ओळ वाचा, खोटं असेल ते खोडायला लावा, सामान भरण्याआधी प्रत्येक वस्तूचे फोटो काढा. आणि पैसे वजनावर लावणार असतील, तर रिकाम्या आणि भरलेल्या ट्रकच्या वजनकाट्याच्या दोन्ही पावत्या मागा.

परवा नणंदेच्या घरी एका कंपनीचा माणूस आला होता. पाऊण तास थांबला, कपाटं उघडून पाहिली, बॅटरी घेऊन माळ्यावर चढला, नव्या घराचा जिना किती अरुंद आहे तेही विचारलं. मग जिना आणि पॅकिंग धरून सगळा हिशेब एकाच कागदावर लिहून, सही करून दिला. त्याचा आकडा सगळ्यांत कमी नव्हता. काम आम्ही त्यालाच दिलं.