परळच्या दुकानातला ओपिऑइड रिसेप्टरचा तक्ता: घ्या, पण मार्कर हाताशी ठेवा

परळला मेडिकलच्या पुस्तकांसोबत मिळणारा हा भिंतीवरचा तक्ता फार्मॅकॉलॉजीच्या पोरांना कामाचा आहे. ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे मॉर्फिनसारखी औषधं पेशींवर जिथे चिकटतात त्या जागा, मेंदूत कुठे आहेत ते यात दाखवलंय. त्यांचे तीन प्रकार: लाल ठिपके म्यू, निळे डेल्टा, हिरवे कॅपा. म्यूची गर्दी थॅलॅमस, हॅबेन्यूला, अमिग्डाला, लोकस सेरुलियस या मेंदूच्या भागांत नीट दाखवलीय. स्ट्रायाटममध्ये तर सरसकट रंग न फासता तुकड्यातुकड्यांनी भरलाय, आणि प्रत्यक्षात तसंच असतं. डेल्टा कॉर्टेक्स आणि ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये, कॅपा हायपोथॅलॅमस आणि क्लॉस्ट्रममध्ये. इथवर ठीक.

घोळ खाली आहे. पेरिॲक्विडक्टल ग्रे हा पेशींचा भाग चौथ्या व्हेंट्रिकललाच (मेंदूतली द्रवाने भरलेली पोकळी) चिकटवलाय. तो वर, मध्यमेंदूत ॲक्विडक्ट या द्रवाच्या अरुंद नळीभोवती हवा. मॉर्फिनची वेदना दाबणारी वाट तिथूनच मेड्युलामार्गे (मेंदूच्या देठाचा खालचा भाग) स्पायनल कॉर्डच्या डॉर्सल हॉर्नकडे (मागची बाजू) उतरते, म्हणून ही चूक किरकोळ नाही. श्वासाची लय ठरवणारा पेशींचा गट, प्री-बॉट्झिंगर, तर गायबच! मग जादा डोसने श्वास का मंदावतो, हे दाखवायचं कशावर? सेरेबेलम (लहान मेंदू) कोरा सोडलाय, तो उंदराचा हिशेब. माणसात तिथेही रिसेप्टर सापडतात.

लॅमिनेशन पातळ. मुंबईच्या पावसाळ्यात कडांतून दमट हवा शिरली की शाई फुटते. घेताना चारही कडा सीलबंद आहेत ना, बघा.