यंत्रमाग कारखान्यावरचे नवे छप्पर : कामाचा अनुभव

अक्कलकोट रस्त्यावरील आमच्या चादरीच्या कारखान्याचे जुने छप्पर उतरवून तेथे मधल्या खांबांविना २० मीटर रुंदीचे लोखंडी छप्पर आम्ही सोलापुरातल्याच एका फॅब्रिकेटरकडून बसवून घेतले. इतरांनी चौरस फुटाचा दर सांगून पत्र्याचा रंग विचारला; यांच्या अभियंत्याने मात्र आधी दगडी भिंतीला ओळंबा लावला. भिंत माथ्याशी दोन बोटे बाहेर गेलेली होती.

छप्पर नुसते खाली दाबत नाही, ते भिंतींना बाहेरही रेटते, हे त्यांनी लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाचे उदाहरण देऊन समजावले. विल्यम बार्लो यांनी १८६८ साली तेथे २४० फुटांची कमान एकाही मधल्या खांबाशिवाय उभी केली आणि तिचा बाहेरचा रेटा फलाटाखालच्या लोखंडी तुळयांनी पेलला. आमच्या कैचीची, म्हणजे छपराचा भार पेलणाऱ्या लोखंडी त्रिकोणी सांगाड्याची, खालची पट्टी हेच काम करते. धनुष्याची दोरी जशी दोन्ही टोके आवळून धरते, तशी. त्यामुळे जुन्या भिंतींवर आता फक्त वजन येते.

कैचीचे एक टोक पक्के आवळले असून दुसऱ्या टोकाच्या बोल्टसाठी लांबट भोके ठेवली आहेत. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत लोखंडाचे तापमान ४० अंशांनी वाढले, तर २० मीटर लांबी जवळजवळ १० मिलिमीटरने वाढते आणि तिला जागा न दिल्यास ती भिंतीलाच ढकलते. एवढा विचार करणारा कारागीर मला पहिल्यांदाच भेटला. जुन्या कापड गिरण्यांच्या करवतीच्या दात्यांसारख्या छपरांत काचा उत्तरेकडे असत, हे ध्यानात घेऊन प्रकाश देणारे पत्रेही त्यांनी उत्तर उतारावरच बसवले. तुटलेला धागा आता दिवसा दिव्याविना दिसतो.

उणीव पाण्याच्या निचऱ्यात राहिली. काम तीन आठवडे लांबले, ते सोसले. पण पहिल्याच मोठ्या पावसात पन्हळ भरून वाहिली आणि सूत गुंडाळलेले मागाचे दोन बीम (रूळ) भिजले, कारण एवढ्या उताराचे पाणी एकाच चार इंची पाइपावर सोडले होते. तक्रार केल्यावर चार दिवसांत दुसरा पाइप विनामूल्य जोडून मिळाला, सुताची भरपाई मात्र मिळाली नाही. काम देणाऱ्यांनी पाइपांची संख्या आणि व्यास कोटेशनमध्येच लिहून घ्यावा. पावसाळा सरल्यावर मी स्वतः पुन्हा ओळंबा लावला. भिंत जागची हललेली नाही.