लव्हाळे कसे वाचतात? शिकागोच्या मराठी कोशसंचाचे परीक्षण

जुने मराठी साहित्य वाचायला कोश लागतो हे सगळ्यांना मान्य असते, पण कोश उघडतो कोण? दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'च्या आठ भागांना घरात एक आख्खी फळी लागते आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा ठोकळा मांडीवर पेलत नाही. ही सबब आता चालणार नाही. शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी'ने मराठीचे पाच कोश इंटरनेटवर शोधता येतील असे ठेवले आहेत. पैसे लागत नाहीत, खाते उघडावे लागत नाही. छापील पानांचे क्रमांकही राखलेले आहेत, त्यामुळे लेखात संदर्भ देताना अडत नाही.

पाचांपैकी दोन चटकन बाजूला ठेवता येतात. वझ्यांचा आर्यभूषण शालेय कोश (1911) आणि मॅक्सीन बर्नसन यांचा प्राथमिक मराठी-इंग्रजी कोश शिकणाऱ्यांसाठी आहेत. दुसरा तर परदेशात वाढलेल्या नातवंडांच्या हाती जरूर द्यावा, पण अभंगाशी या दोन कोशांची गाठ घालू नये. खरे काम उरलेले तीन करतात: मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि तुळपुळे-फेल्डहाउस.

या सेवेची खरी परीक्षा एका ओळीवर होते. तुकोबांचा चरण घ्या: 'महापुरें झाडें जाती । तेथें लव्हाळे वांचती'. शाळेपासून पाठ असलेली ओळ, यात कोशाला विचारायचे काय? पण हल्ली ती 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती' अशी छापली जाते आणि तिथेच गोची होते. 'वाचती' म्हणजे तग धरतात. हा अर्थ पाहायला तुम्ही मोल्सवर्थमध्ये 'वाचणे' टाकलेत तर हाती लागते पुस्तक वाचणे. जीव वाचण्याचे क्रियापद तिथे 'वांचणें' असे, डोक्यावर अनुस्वार घेऊन, वेगळ्या जागी बसले आहे. जुन्या लेखनात ही दोन क्रियापदे डोळ्यांनाच वेगळी दिसत. नाव (होडी) आणि नांव (ज्याने हाक मारतात ते) यांचेही तसेच. 1962च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. रोजच्या लेखनाला ते सोयीचे झाले, पण जुन्या कोशांचे दरवाजे त्या टिंबांवरच उघडतात.

याच चरणात आणखी एक गंमत आहे. 'महापुरें' आणि 'झाडें' दोन्हींच्या शेवटी 'एं', पण पहिल्यातला तृतीयेचा (महापुराने) आणि दुसऱ्यातला नपुंसकलिंगी अनेकवचनाचा. अनुस्वार गेला की 'महापुरे' हे झाडांचे विशेषण असल्यासारखे वाटू लागते, आणि वाक्यातला कर्ता कोण, साधन कोण, हे सगळे अंदाजावर येते. हे कोणताही कोश सांगत नाही, कारण कोशात 'महापूर' मिळेल, 'महापुरें' नाही. म्हणून पहिली अट ही की हातातली प्रत मूळ अनुस्वारांसह छापलेली हवी. लेखननियमांनाही हेच अपेक्षित आहे: केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. पाळतो कोण, हा भाग निराळा. प्रत सुधारून घेतलेली असेल तर हा कोशसंच निम्मा फुकट जातो.

शोधपेटीत शब्द टाकतानाच्या नेहमीच्या चुकाही याच घराण्यातल्या. मोल्सवर्थमध्ये क्रियापदे 'णें'कारान्त आहेत, तेव्हा पूर्ण क्रियापद टाकण्यापेक्षा धातूपुरती अक्षरे टाकून पाहा: 'सांड', 'वांच', 'अवधार'. संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या (तत्सम) शब्दांचा शेवट मुळात ऱ्हस्व असेल तर तो ऱ्हस्वच ठेवा. कोशात 'बुद्धि', 'कवि', 'गति' सापडतात, 'बुद्धी' टाकून शोध रिकामा आला म्हणून शब्दच नाही असे समजू नका. विभक्तीचे आणि क्रियापदांचे प्रत्यय आधी सोलून काढा. 'अवधारिजो'चे 'अवधारणें', 'म्हणौनि'चे 'म्हणणें' आपणच करायचे असते, यंत्र ते करून देत नाही. हस्तलिखितावरून जशीच्या तशी उतरवलेली प्रत असेल तर 'ख'च्या जागी 'ष' आला आहे का तेही पाहावे.

आता कोणता कोश कधी, ते.

मोल्सवर्थ आधी. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला माणूस. मराठी पंडित आणि कँडी बंधू यांना हाताशी धरून त्याने 1831 साली कोश काढला, 1857ची दुसरी आवृत्ती सुमारे 60,000 शब्दांची आहे. पुण्याच्या शुभदा-सारस्वतने 1975 साली तिचे पुनर्मुद्रण केले. लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणत, ते उगाच नाही. अर्थाच्या छटा इतक्या बारकाईने सोडवणारा दुसरा मराठी कोश दाखवणे अवघड आहे. म्हणी, वाक्प्रचार, शब्द संस्कृतातून आला की फारशीतून, याच्या खुणा सगळ्या जागच्या जागी. 'मुंगी साखरेचा रवा' यातला रवा शिऱ्याचा नव्हे, कण या अर्थाचा आहे, हे इथे मिनिटात कळते. दोन उणिवा मात्र धरून चालाव्यात. हा एकोणिसाव्या शतकातल्या, मुख्यतः शहरी आणि ब्राह्मणी कानांनी टिपलेल्या मराठीचा कोश आहे, जातींविषयीच्या काही नोंदी आज वाचवत नाहीत. आणि अर्थ इंग्रजीत असल्याने मराठी वाचक मराठी कवितेकडे इंग्रजीतून वळसा घालून जातो.

त्यावर उतारा म्हणजे दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. मुख्य सात विभाग 1932 ते 1938, पुरवणी 1950. अर्थ मराठीत, आणि अर्थापाठोपाठ ग्रंथांतली उदाहरणे. इथे एक शिस्त पाळावी: अर्थ नंतर, उदाहरण आधी. '-ज्ञा' म्हणजे ज्ञानेश्वरी, '-तुगा' तुकारामगाथा, '-एभा' एकनाथी भागवत, '-दा' दासबोध. शब्द साडेतीनशे-चारशे वर्षांत कुणाकुणाच्या तोंडी कसा फिरला ते त्या चार ओळींत दिसते, आणि रसग्रहण म्हणतात त्याची निम्मी सामग्री तिथेच जमा होते. पुढे आकडे असतात, त्यावरून मूळ ओवी उघडून पाहावी. ज्ञानेश्वरीत आवृत्तीप्रमाणे एक-दोन ओव्या मागेपुढे होतात, गाथेत तर क्रमांक पार बदलतात. तेव्हा क्रमांकावर न जाता शब्दांवरून शोधावे.

ग्रामीण कथा-कादंबऱ्यांसाठीही याच कोशाकडे यावे. (व.) म्हणजे वऱ्हाडी, (ना.) नागपुरी, (कु.) कुडाळी, (गो.) गोमंतकी अशा प्रांतखुणा आहेत. सगळी बोली आली आहे असे नाही, बरीच निसटली आहे, पण जे आहे तेही दुसरीकडे एवढ्या सहज मिळत नाही.

एक खाच मात्र दाते-कर्व्यांत हमखास पाय मुरगाळायला लावते. सामासिक शब्द मुख्य शब्दाच्या पोटात '॰' खुणेमागे दिले आहेत. त्यामुळे शीर्षशब्दांत शोध घेतला की ते हाती लागत नाहीत, शोध संपूर्ण नोंदींत घ्यावा लागतो, आणि मग नको तेवढा ढीग समोर येतो. शिवाय पुरवणीतला शब्द वेगळा येतो म्हणून एकच शब्द दोनदा दिसला तर दोन्ही वाचावेत. संगणकावर उतरवताना अक्षरचुकाही राहिल्या आहेत: 'घ'चा 'ध', 'ब'चा 'व'. अर्थ लागत नसेल तर आधी अक्षरावर संशय घ्या, मग स्वतःवर.

तिसरा कोश शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा, जुन्या मराठीचा, 1999चा. ज्ञानेश्वरी, महानुभावांचे गद्य आणि शिलालेख वाचणाऱ्याने आधी हाच उघडावा. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत होत्या, त्यांतले बरेचसे साहित्य विसाव्या शतकात छापून आले, मोल्सवर्थच्या हाती ते कसे असणार? 'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके' ही ओवी घ्या. आजचा वाचक 'कौतुकें' वाचतो आणि शाबासकी समजतो. त्या काळच्या मराठीत कौतुक म्हणजे नवल, खेळ, लीला. एवढा एक शब्द जागेवर बसला की ओवीचा सूर बदलतो: बढाई वाटत होती ती सहज, खेळकर पैज होते.

यावरून वापरण्याची पद्धतही ठरते. ओळखीचा नसलेला शब्द शोधायला कोश सगळेच काढतात. खरा धोका ओळखीच्या शब्दात असतो: रवा, कौतुक, सांडणे (जुन्या मराठीत टाकून देणे). अभंग आधी दोनदा मोठ्याने वाचा, कोश बंद ठेवून. मग ओळखीचे असूनही जागेवर किंचित खटकणारे तीन-चार शब्द निवडा, जास्त नाही. शब्द न् शब्द शोधला की कवितेचे शवविच्छेदन होते आणि लय हरवते. तीन-चार शब्द दोन कोशांत पाहायला अर्धा तास पुरतो. दोन कोशांचे अर्थ जुळले नाहीत तर चांगलेच. कवीने त्या दोहोंतला कोणता घेतला हे चरणावरूनच ठरवायचे असते, आणि ते ठरवताना कविता खरी वाचली जाते.

राहता राहिला लव्हाळा. कोश फार तर पाणथळ जागचे एक गवत म्हणून पुढे सरकेल. शेतकऱ्याला विचारा. लव्हाळ्याला जमिनीखाली गाठी असतात, वरून कितीही खुरपा, पुन्हा फुटतो, म्हणून तो त्याच्या नावाने बोटे मोडतो. तुकोबांनी नम्रतेसाठी निवडलेले गवत नुसते वाकणारे नाही, चांगलेच चिवट आहे. ही नोंद पाचांपैकी एकाही कोशाकडून अपेक्षू नये.